मासे मुके असतात असं मी शिकवलं

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. रत्नागिरी जिल्ह्यातली खाडीकाठची शाळा, पाचवी ते दहावीचे वर्ग, एकच प्रयोगशाळा आणि तिच्यात फॉर्मलीनच्या बरण्यांत बसवलेले चार मासे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. सध्या मी दुबईत मुलाकडे असते, जुमेरा लेक टॉवर्समध्ये बाविसाव्या मजल्यावर. तिथे माझं कोणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

नात सहावीत आहे. मराठी तिला सगळी समजते, पण उत्तर इंग्रजीतच येतं. एका संध्याकाळी शाळेच्या कसल्याशा प्रोजेक्टसाठी ती टॅब घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली आणि एक आवाज लावून म्हणाली, "आजी, गेस व्हॉट धिस इज." मी कान दिला. बंद दारावर कोणीतरी हलकेच ठोकावं तसा आवाज होता. मी म्हटलं, शेजारी सुतारकाम चालू असेल. तर म्हणे, "इट्स अ फिश."

"मासे मुके असतात," मी म्हणाले.

"नो आजी. दे आर नॉट."

मग अर्धा तास तिने मला मासे ऐकवले. गुरगुरणारे, टकटकणारे, बेडकासारखे डरावणारे. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला आम्ही वाताशय म्हणतो. आमच्याकडचे मच्छीमार घोळ माशाच्या वाताशयाला भोत म्हणतात. मासा पाण्यात तरंगतो तो या पिशवीमुळे, हे मी एकतीस वर्षं शिकवलं. शेकडो वेळा मासा चिरून ती पिशवी मुलांना हातात दिली. पण मासा तीच पिशवी ढोलासारखी वाजवतो, हे माझ्या गावीही नव्हतं. माशाला स्वरयंत्र नसतं, एवढंच पुस्तकात होतं. मुका हा शब्द माझा.

नात पुढच्या व्हिडिओकडे गेली आणि मी तिथेच बसून राहिले, कारण मला आठवीतली एक मुलगी आठवली होती.

मला नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा. ती मुलगी खाडीपलीकडच्या मच्छीमार वस्तीतली, दालदी मुसलमानांची. शाळेत यायला रोज तरीच्या होडीतून खाडी ओलांडून यायची. फारशी बोलायची नाही. मी फळ्यावर माशाचं चित्र काढून भाग दाखवत होते आणि म्हटलं, "मासे मुके असतात." तर तिने हात वर केला. म्हणाली, "बाई, मासे बोलतात. आमचे अब्बा वल्हं पाण्यात सोडतात नि वरच्या टोकाला कान लावतात. मग त्यांना कळतं, खाली मासे हायत का नायत ते."

मी हसले. आता हे लिहिताना बरं वाटत नाही, पण हसले हे खरं. शिक्षिका हसली की वर्गाला परवानगीच मिळते. चाळीस मुलं हसली. मी वर आणखी विचारलं, "मग काय म्हणतात ग मासे? जेवलात का?" झालं. त्या दिवसापासून मुलांना खेळच सापडला. कोणीही उठायचं, फूटपट्टी कानाला लावायची आणि तिच्याकडे बघत म्हणायचं, "हॅलो, बांगडा बोलतोय." महिनाभर चाललं ते. मी कानाडोळा केला. सहामाहीला मी मुद्दाम एक चूक की बरोबर घातलं, मासे आवाज काढू शकतात. तिने बरोबर लिहिलं आणि मी त्यावर लाल काट मारली. नववीला ती शाळेत आली नाही. वस्तीतल्या बहुतेक मुली आठवीनंतर थांबायच्याच, त्यामुळे सगळं पाप माझ्या माथी येत नाही. पण थोडं येतंच.

आता म्हातारपणी माणसाने असल्या गोष्टी सोडून द्याव्यात. पण माझा स्वभाव पडला चिवट. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट आहे, त्यावर सकाळी फुलं आणि सुविचार यांचा पाऊस पडतो. मी तिथे विचारलं, आणि तासाभरात एकाने तिचा नंबर पाठवला. सोबत लिहिलं होतं की ती शारजात असते, तिचा नवरा जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आहे. म्हणजे माझ्यापासून तासाभरावर, रस्ता मोकळा असला तर.

तीन आठवडे तो नंबर माझ्या फोनमध्ये पडून होता. रोज दुपारी मी तो काढायचे, बघायचे आणि फोन पालथा ठेवायचे.

सुनेच्या नजरेतून काही सुटत नाही. ती एका कंपनीत मनुष्यबळ खात्यात आहे, लोकांच्या पोटातलं काढून घेणं हा तिचा धंदाच. एकदा चहा पिताना मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "फोन करायचाय ग, पण आधी मला स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं. व्हिडिओ बघून कबुली द्यायची, हे काही मला पटत नाही. तिच्या बापाने ऐकलं तसं मी ऐकेन, मग फोन."

"आई, तुम्हाला फोन करायचा नाहीये, म्हणून हे चाललंय," ती म्हणाली.

मला राग आला, कारण ते खरं होतं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि सून अशी की लगेच कामाला लागते. दोन दिवसांत तिने शनिवारचं बुकिंग केलं. फुजैराच्या बाजूला, दिब्ब्याजवळ कॅटामरान प्रकारची बोट, नऊ-दहाच माणसं, खडकाजवळ तोंडाला नळी लावून मासे बघायचे आणि मग बोटीवरून सूर्यास्त. मुलगा म्हणाला, "आई, सदुसष्टाव्या वर्षी समुद्रात उतरणार तू?" मी म्हटलं, "मग काय बाथटबमध्ये मासे ऐकू?"

शनिवारी सकाळी गाडीत बसल्या बसल्या नातीने माझा फोन गाडीला जोडून दिला, माझी जुनी नाट्यगीतं लावायला. दोन तासांचा रस्ता. वाळवंट संपलं आणि डोंगर सुरू झाले, नुसते उघडे, करपलेल्या भाकरीच्या रंगाचे, एक झाड नाही. आणि डोंगर संपले तसा एकदम समुद्र समोर आला. दुबईचा समुद्र मला कधी समुद्र वाटला नाही, तो उंच इमारतींच्या पायाशी ठेवल्यासारखा असतो. हा मात्र खरा होता, लाटा आपटणारा. मुलगा म्हणाला, "इथून सरळ गेलं ना आई, की आपलं कोकण." मी नकाशा शिकवलेली बाई, मला माहीत होतं. तरी बघत राहिले.

बोट म्हणजे दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून वर अंगण घातलेलं. पुढच्या बाजूला दोन होड्यांच्या मध्ये जाळं ताणलेलं, त्यावर लोक झोपून खालचं पाणी बघतात. आमच्याखेरीज एक तरुण जोडपं होतं आणि एका ऑफिसातल्या तीन मैत्रिणी. कप्तान केरळचा, पन्नाशीचा, सावळा, कमी बोलणारा. त्याने सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले. माझं वय वाचून तो म्हणाला, "मॅडम, आप ऊपर आराम से बैठो. चाय पिओ."

"चहा मी घरी पिते," मी त्याला हिंदीत सांगितलं. "मला उतरायचंय. मला बीपी नाही, शुगर नाही, आणि खाडीत पोहत मी लहानाची मोठी झाले." शेवटचं थोडं वाढवून सांगितलं. खाडीत कंबरेएवढ्या पाण्यात हातपाय मारत लहानाची मोठी झाले, असं म्हणायला हवं होतं. त्याने सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "त्या ऐकणार नाहीत." शेवटी लाइफ जॅकेट घालायचं आणि त्याच्या हातातली तरंगती रिंग सोडायची नाही, या अटीवर त्याने मान डोलावली.

सुनेची काळी तुमान आणि मुलाचा लांब बाह्यांचा टीशर्ट, वर नारिंगी जॅकेट, डोळ्यांवर नाकासकट झाकणारा चष्मा आणि तोंडात रबरी नळी. माझ्या कोणा विद्यार्थ्याने मला बघितलं असतं तर ओळख दिली नसती. श्वसन हा धडा मी एकतीस वर्षं शिकवला, पण नळीतून श्वास घ्यायला सांगितल्यावर पहिल्यांदा नाकानेच घ्यायला गेले, मग घाबरून तोंड उघडलं आणि घोटभर खारट पाणी प्याले. नात शेजारी माशासारखी तरंगत होती. "ब्रीद स्लोली, आजी. इन, आउट." मी तिचं ऐकलं. चौथ्या-पाचव्या श्वासाला जमलं आणि मग मी तोंड पाण्यात घातलं.

काय सांगू. मासा मी आयुष्यभर आडवा बघितला. टोपलीत आडवा, ताटात आडवा, ट्रेमध्ये टाचण्या मारून आडवा. इथे ते सगळे उभे होते, आपापल्या कामाला निघालेले. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले पन्नास-साठ एकदम वळले, आणि एकही दुसऱ्यावर आपटला नाही. माशाच्या दोन्ही कुशींवरून एक बारीक रेष जाते, तिने त्याला शेजारच्याची हालचाल कळते. ती रेष मी फळ्यावर खडूने किती वेळा ओढली असेन. ती कशासाठी असते ते मला त्या वळणावर समजलं. एक करडा मासा खडकाच्या कपारीत बसून माझ्याकडे बघत होता. त्याची कल्ल्यांवरची झाकणं उघडत होती, मिटत होती, शांतपणे, अगदी मी शिकवलं होतं तशी. मला इतका आनंद झाला की मी नळीतूनच काहीतरी बोलले. कोणाला कळलं नाही.

आणि आवाज होता. कान पाण्यात गेल्यापासून होता, पण आधी मला तो माझ्याच कानातला वाटला. कढईत मोहरी तडतडावी तसा, चारी बाजूंनी, अखंड. मी डोकं वर काढलं की बंद, आत घातलं की चालू. तीनदा करून बघितलं. प्रयोग तीनदा करावा असं मी मुलांना सांगायचे. मग रिंग ओढून कप्तानाला थांबवलं आणि विचारलं, "हे मासे बोलतायत?"

तो हसला. "नहीं मॅडम. ये छोटा झिंगा है. पत्थर में रहता है, कैंची बजाता है."

झिंगा म्हणजे कोळंबीच्या जातीतला. कोळंबी हा मासा नव्हे. कवच, दहा पाय, वर्गच वेगळा. माझं तोंडच पडलं. तेवढ्यात नातीने माझा हात ओढून एक निळा-हिरवा, चोचीसारख्या तोंडाचा मासा दाखवला. तो खडकाला चावे घेत होता आणि त्याचं कुरकुर चावणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. वर आल्यावर ती म्हणाली, "सी आजी? फिश साउंड. डन." मी म्हटलं, "चघळणं म्हणजे बोलणं नव्हे. तुझा बाबा पापड खातो तेव्हाही आवाज येतो." पेपर तपासताना मी अर्धा मार्कही फुकट दिला नाही कधी. स्वतःला तरी का द्यावा?

साडेचारला आम्ही बोटीवर परत आलो. मी टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसले. मुलगा कॅमेरा घेऊन समुद्राकडे तोंड करून बसला होता, सूर्यास्त टिपायला. मीही त्याच्या शेजारी तिकडेच बघत होते. कोकणी माणसाला सूर्य समुद्रात बुडतो हे वेगळं सांगावं लागत नाही. अर्ध्या तासाने मुलाच्या लक्षात आलं की आपल्या पाठीवरचं ऊन गेलंय. वळून बघतो तर सूर्य मागच्या डोंगराआड कधीच गेला होता. हा किनारा पूर्वेचा, इथे समुद्रातून सूर्य उगवतो फक्त. भूगोल मीही शिकवला होता, एक वर्ष बदली म्हणून. मुलाने कॅमेरा पिशवीत टाकला. सून मात्र खूप हसली.

उजेड अजून होता. डोंगरांची सावली पाण्यावर लांब पसरत चालली होती आणि बोटीवर कसलंतरी धडधडणारं संगीत लागलं होतं. मी कप्तानाजवळ जाऊन बसले आणि त्याला त्या मुलीची गोष्ट सांगितली. हसले ते सांगितलं, लाल काट मारली तेही. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं. तो चाकावर हात ठेवून ऐकत होता.

"मेरा बाप भी सुनता था," तो म्हणाला. "वही, चप्पू पे कान लगाके. हमारे गाँव में सब सुनते थे."

म्हणजे समुद्रकाठच्या सगळ्या बापांना ठाऊक होतं. फक्त बाईंना ठाऊक नव्हतं.

"अंधेरा होने को आता है तब बोलते हैं," तो पुढे म्हणाला. "अभी टाइम है."

मी त्याला वल्हं मागितलं. बोटीवर छोट्या होडीचं एक वल्हं होतं, पण प्लास्टिकचं, मध्ये पोकळ. मी काठावर पालथी पडून ते पाण्यात सोडलं आणि वरच्या टोकाला कान लावला. मुलाने माझे पाय धरले होते. लाटांची चपचप आणि ते धडधड संगीत, बाकी काही नाही. कप्तानाने मान हलवली. लाकडाचं हवं म्हणाला. मग थोडा विचार करून त्याने मला बोटीच्या डाव्या होडीत खाली नेलं. तिथे चार पायऱ्या उतरून एक अरुंद खोली होती, दोरखंड आणि जॅकेटं ठेवायची. तिची भिंत म्हणजेच होडीचं अंग आणि भिंतीपलीकडे थेट पाणी. "इधर," तो म्हणाला. "लेकिन सब बंद करना पडेगा. इंजिन, जनरेटर, गाना, सब. दस मिनिट."

मी वर आले. जोडपं फोटो काढत होतं, मैत्रिणी नाचत होत्या. माझ्याकडे इंग्रजी बेताचंच. मी नेहमीसारख्या दोन टाळ्या वाजवल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. शेवटच्या बाकापर्यंत सगळे गप्प झाले. नातीने त्यांना काय ते समजावलं, आणि तिघींपैकी एक म्हणाली की तिलाही ऐकायचंय. "खलास," कप्तान म्हणाला आणि त्याने एकेक बटण बंद केलं.

खाली मी भिंतीला कान लावून उभी राहिले. नात माझ्या कुशीशी, तिचाही कान भिंतीला. आधी मोहरी तडतडत होती, तीच. मी ती मनातून बाजूला सारली, गोंगाटाच्या वर्गात एकाच मुलाचा आवाज ऐकायचा असतो तशी. पाच मिनिटं गेली. पाय दुखायला लागले. मला वाटलं, आपल्याला ऐकू येणार नाही आणि मग फोन न करायला कारण मिळेल. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, कारण त्या विचाराने मला जरा हलकं वाटलं होतं.

मग आलं. फणस तयार झाला का बघायला आपण बोटाच्या पेरांनी ठोकतो, तसं. ठक, ठक, ठक. खालून आणि लांबून. थोडं थांबून पुन्हा तीन, आणि मग दुसरीकडून कोणीतरी त्याला उत्तर दिलं, जरा खालच्या सुरात. ती कोळंबी नव्हती, तो चावाही नव्हता. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकून घेऊन बोलायचं. मी नातीकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते आणि पहिल्यांदाच ती मराठीत म्हणाली, "आजी, बोलतायत."

मला रडू आलं. आनंदाचं किती आणि कसलं किती, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर शारजाच्या हद्दीत शिरलो आणि गाड्या ठप्प झाल्या. तिथे ते रोजचंच, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. साडेसात वाजले होते. पुढे दिसेल तिथवर लाल दिवे. सून पुढच्या सीटवरून मागे वळली आणि म्हणाली, "आई, तिच्याच गावात अडकलोय आपण. ऐकलंत ना आता?"

"उद्या सकाळी करते. ही जेवणाची वेळ असेल."

"आई."

मी फोन काढला. नंबर दाबला, कानाला लावला, तर काहीच ऐकू येईना. आणि एकदम गाडीच्या चारही कोपऱ्यांतून रिंग वाजू लागली. फोन सकाळपासून गाडीला जोडलेलाच होता. मी घाईघाईने तो बंद करायला गेले, पण तेवढ्यात पलीकडून बाईचा आवाज आला, मोठा, सगळ्या गाडीभर. "हॅलो, कोण बोलतंय?"

मुलाने हात पुढे केला, जोडणी तोडायला. मी नको म्हटलं. ऐकू देत सगळ्यांना. चाळीस जणांसमोर हसले होते, तिघांसमोर बोलायला काय झालं.

मी शाळेचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "आठवीला विज्ञान शिकवायचे मी तुला. सध्या दुबईत असते."

मग, "बाई? तुम्ही दुबईत?" तिने पोरांना टीव्ही बंद करायला सांगितलं. माझी तब्येत विचारली, सर, म्हणजे माझे यजमान, कसे आहेत विचारलं, सर जाऊन सहा वर्षं झाली हे ऐकून हळहळली. घरी या म्हणाली, इन्शाल्ला पुढच्या शुक्रवारीच या, बाई, मी घावणे करते. इतक्या आपुलकीने बोलत होती की माझा धीरच सुटत चालला. पुढच्या गाड्या दोन हात सरकल्या, आम्हीही सरकलो.

"ऐक," मी म्हटलं. "तू वर्गात सांगितलं होतंस, मासे बोलतात. ते खरं होतं. माझं चुकलं होतं. मी हसायला नको होतं. मुलं चिडवायची तेव्हा गप्प बसायला नको होतं. आज मी बोटीला कान लावून ऐकले मासे. तुझे अब्बा बरोबर होते. हे सांगायला फोन केला."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"मला वाटलं, तुम्ही विसरला असाल," ती म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता, आमच्या गावचा. "मुलं हसली त्याचं काय नाय, बाई. मुलं हसतातच. पण त्या दिवशी मी घरी गेले आणि अब्बांना सांगितलं, असलं काय नसतं, बाईंनी सांगितलंय. पुस्तकात लिहिलंय."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार. म्हणाले, बाई शिकलेल्या हायत, त्यांना जास्त ठावं असेल." मग तीच पुढे म्हणाली, "मुलींना होडीत नेत नसत आमच्यात. पण मी लय हट्ट धरला होता, तर ते कबूल झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत नेतो, तुला ऐकवतो, म्हणाले होते. सुट्टी लागली तेव्हा हाक मारायला आले. मी नाय गेले. म्हटलं, खोटं ऐकायला कशाला येऊ. परत त्यांनी कधी विचारलं नाय. आता त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली."

मला वाटत होतं, माझा गुन्हा एका लाल काटेएवढा आहे. मी म्हटलं, "मला माफ कर."

"बाई," ती म्हणाली, "मी कधी ऐकलंच नाय. तुम्ही ऐकलंत. कसा असतो आवाज?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला शब्द मिळेना. एकतीस वर्षं बोलून पोट भरलेली बाई मी. शेवटी मी हाताची मूठ वळली आणि गाडीच्या दारावर पेरांनी ठोकलं, तीनदा. थांबले. मग नातीने तिच्या बाजूच्या दारावर ठोकलं, जरा हळू.

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"परत एकदा, बाई," ती म्हणाली.